नाशिकमध्ये साधं, छोटं शाकाहारी हॉटेल सुचवा (सासू-सासरे आणि लहान मुली सोबत)

ठाणेकर_मृ

सगळ्यांना नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही सहा जण नाशिकला येतोय. मी, नवरा, अकरा आणि पाच वर्षांच्या दोन मुली, सासूबाई आणि सासरे. मुक्काम पंचवटीत. एक दिवस रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन असं निवांत करायचं आणि एक दिवस त्र्यंबकेश्वर.

जेवणाचं मात्र काही ठरत नाहीये. नेटवर शोधलं की गार्डन रेस्टॉरंट आणि रिसॉर्टच समोर येतात. ते आम्हाला नको. आठ-दहा टेबलं, स्वच्छ, शुद्ध शाकाहारी आणि बसल्यावर गरम ताट समोर येईल, एवढंच हवं आहे. सासऱ्यांना बाजरीची भाकरी आणि पिठलं मनापासून आवडतं. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, चातुर्मासापुरतं नाही, कायमचंच. मोठीला नाशिकची मिसळ खायचीच आहे. धाकटी तिखटाला हात लावत नाही.

एकाच ठिकाणी सगळ्यांचं जमेल का? तुम्ही स्वतः घरच्यांना घेऊन जिथे जाता ते सांगितलंत तर फार बरं होईल.

मेनरोडवाला

एकाच ठिकाणी सगळं शोधू नका. आमच्याकडची छोटी हॉटेलं वेळेवर चालतात. सकाळी मिसळ, दुपारी राइस प्लेट नाहीतर भाकरी, संध्याकाळी वडा, भजी, भेळ. ज्या पदार्थाची जी वेळ, त्या वेळेला पोचलात तर साध्यातल्या साध्या हॉटेलातही उत्तम खायला मिळतं. दुपारी अडीचला मिसळ मागितली तरी कोणी नाही म्हणणार नाही, पण सकाळपासून उकळत असलेला रस्सा आटून खारट झालेला असतो आणि मटकीचा गाळ झालेला असतो.

संध्याकाळी मेन रोडला आलात तर सायंताराचा साबुदाणा वडा खा. उपासाचा पदार्थ असल्यामुळे सासूबाईंनाही निश्चिंतपणे देता येईल. गाडी मात्र पंचवटीतच ठेवा आणि रिक्षाने या. मेन रोड, दहीपूल, रविवार कारंजा या भागात गाडी लावायला जागा शोधण्यातच संध्याकाळ जाईल.

गंगापूररोड_नाशिक

मिसळीसाठी बारदान फाट्याजवळची साधना. चुलीवरची मिसळ म्हणून तिचं नाव झालं आहे. बसायला ऐसपैस आहे, मुलींना बरं वाटेल. जिलेबीही घ्या. रविवारी सकाळी गर्दी फार असते, शक्यतो मधल्या वारी जा आणि नऊच्या आत पोचा. पंचवटीतून रिक्षा किंवा गाडीनेच जावं लागेल, चालत जाण्यासारखं नाही.

आता धाकटीचं. नाशिकमध्ये बहुतेक ठिकाणी मिसळ सुटी येते. मोड आलेली मटकी, वर शेव-फरसाण, बाजूला कांदा, लिंबू, दही, पापड, पाव, आणि रस्सा वेगळ्या वाटीत. त्या वाटीला तिचा हातच लागू देऊ नका. मटकी, शेव आणि भरपूर दही कालवून दिलं की पाच वर्षांचं मूल आवडीने खातं. चुकून तिखट लागलंच तर पाणी पाजू नका. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे जळजळ तोंडभर पसरते. दही, ताक किंवा दूध द्या. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन ते कॅप्सेसिन जिभेवरून सोडवून नेतं.

मोठीला पहिल्याच घासाला तर्री, म्हणजे रश्श्यावरचा तिखट तेलाचा तवंग, ओतू देऊ नका. आधी चमचाभर रस्सा घालून चव बघू दे. रस्सा पुन्हा मागता येतो, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

आडगावकर

सासऱ्यांच्या भाकरीसाठी लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

तुम्ही पंचवटीत उतरताय हे उत्तम झालं. भाकरीसाठी कॉलेज रोडकडे जाऊ नका. दिंडोरी रोड, पेठ रोड, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव नाका, हा सगळा पट्टा पंचवटीच्याच बाजूला आहे. बाजार समितीही इकडेच. भाजीपाला घेऊन आलेला शेतकरी जिथे जेवतो, तिथे भाकरी चांगली असते, कारण तो घरी रोज तीच खातो आणि वाईट असेल तर ताटावरून उठतो.

नाशिकमध्ये कसमादेची, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागातली माणसं मोठ्या संख्येने राहायला आली. धुळे-जळगावकडचीही आली. त्यांच्याबरोबर शेवभाजी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याचं झिरकं, पातोड्यांचा रस्सा असं सगळं शहरात आलं. म्हणून इथल्या छोट्या हॉटेलच्या पाटीवर मिसळीइतकंच मोठ्या अक्षरात शेवभाजी लिहिलेलं दिसेल. पिठलं तर असतंच.

हॉटेल पारखायचं कसं ते सांगतो. आत शिरल्यावर भाकरी थापल्याचा आवाज येतो का ते ऐका. येत नसेल तर विचारा, "भाकरी आत्ता टाकणार का?" "पाच मिनिटं लागतील" असं उत्तर आलं तर आनंदाने थांबा. लगेच आणून ठेवली तर ती आधीच करून फडक्यात गुंडाळलेली असते, ती चिवट होते आणि सासऱ्यांच्या दातांना त्रास देते. दुसरी गोष्ट पिठाची. बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही, त्यातल्या तेलामुळे ते लवकर कडू पडतं. तुकडा मोडून नुसताच खाऊन बघा. मागाहून कडवट लागला तर पीठ जुनं आहे, मग सरळ ज्वारीची मागा नाहीतर पोळी घ्या. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते आणि कडा फाटलेल्या दिसतात. हे ताटात डोळ्यांनीच कळतं, खाऊन बघायचीही गरज नाही.

दिवाळीनंतर येताय म्हणजे खरिपाची नवी बाजरी आलेली असेल. हिवाळ्यात बाजरीची भाकरी, त्यावर लोणी किंवा तूप, पिठलं, मिरचीचा ठेचा आणि मेथीची भाजी. सासऱ्यांना तेवढंच द्या आणि बाकी काही मागवू नका. ठेचा मात्र नखभर. इथला ठेचा पाहुण्याची गय करत नाही.

शेवटचं, मेनूकार्ड. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पावभाजी, पिझ्झा असं सगळं एकाच कार्डावर आणि स्वयंपाकघर मात्र एवढंसं असेल तर उठा. अशा ठिकाणी पांढरी, लाल आणि पिवळी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळी करून ठेवतात आणि पनीर घातलं की पनीर, काजू घातले की काजू, असं नाव बदलून वाढतात. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने पाच-सहा पदार्थ लिहिलेत आणि संपलेल्यांवर काट मारली आहे, असं दिसलं की बिनघोर बसा.

ठाणेकर_मृ

आडगावकर, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी कडू बाजरीचं ऐकून लगेच मान डोलावली.

आता सासूबाईंचंच राहिलं. हॉटेलात "कांदा-लसूण न घालता द्या" म्हटलं की "हो हो" म्हणतात आणि ताट आल्यावर त्यांना वास येतो. मग त्या नुसता दहीभात खाऊन उठतात. प्रवासात दरवेळी हेच होतं आणि मला फार वाईट वाटतं. मिसळ किंवा शेवभाजी कांदा न घालता करून देतात का?

सिडको_नितीन

उडपी हॉटेलात जा, प्रश्न मिटला. इडली, डोसा, दहीभात. मुलीही खूश.

डबेवाली_मावशी

मृ, मी बरीच वर्षं इंदिरानगरात जेवणाचे डबे देते, त्यामुळे हे आतल्या बाजूने सांगते.

मिसळ आणि शेवभाजी कांद्याशिवाय मिळणार नाही. हॉटेलवाल्याची इच्छा असली तरी तो देऊ शकत नाही. वरून भुरभुरलेला कांदा काढता येतो, पण चव ज्या वाटणाची असते ते वाटणच भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, आलं आणि काळा मसाला यांचं असतं. ते सकाळीच एकदम करून ठेवलेलं असतं. वाढणारा मुलगा "हो" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वरचाच कांदा असतो. तो खोटं बोलत नाही, त्याला तेवढंच कळलेलं असतं. म्हणून विचारायचं ते गल्ल्यावर किंवा स्वयंपाकघरात, आणि असं विचारायचं: "वाटण न घालता काय काय आहे?" या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं.

आता काय मागायचं. साधं वरण, म्हणजे तूरडाळ, हिंग, हळद, मीठ, गूळ. त्याला फोडणी नसते. फोडणी दिलेली आमटी किंवा दाल तडका नको, त्यात लसूण असतोच. वरण-भात-तूप-लिंबू हे छोट्या हॉटेलातही मिळतं, कारण मालक आणि त्याची माणसं दुपारी तेच खातात. बटाट्याची पिवळी भाजी काही ठिकाणी कांद्याशिवाय करतात, काही ठिकाणी कांदा घालतात, ती विचारूनच घ्यावी. पिठलं आयत्या वेळी करतात, त्यामुळे हिंग-जिरं-मिरचीच्या फोडणीचं वेगळं करून मागता येतं. आधी सांगितलं आणि गर्दी नसली तर कोणीही प्रेमाने करून देईल. सासऱ्यांच्याच टेबलावर दोघांचंही पिठलं होईल, एकाचं लसणाचं आणि एकाचं हिंगाचं.

आणखी एक. पंचवटीत गुजराती आणि मारवाडी यात्रेकरू बारा महिने येतात, त्यामुळे देवळांच्या आसपासच्या भोजनालयांत "जैन" म्हटलं की लगेच कळतं. पण सासूबाई बटाटा खात असतील तर जैन म्हणू नका. जैन म्हटलं की बटाटा, गाजर, बीट सगळं बाद होतं आणि मग ताटात कोबी किंवा कच्ची केळी तेवढी उरतात. "कांदा-लसूण नको, बटाटा चालेल" असं पूर्ण वाक्य बोला.

एकादशी किंवा चतुर्थी असेल तर सासूबाईंची चैनच आहे. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी सगळीकडे असते. भगर म्हणजे तुमच्याकडची वरई, तुम्ही वरी तांदूळही म्हणत असाल.

नितीन, उडपीचं तुझं बरोबर आहे, पण अर्धंच. उडपीच्या मठाच्या परंपरेतल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो हे खरं. आजच्या हॉटेलांतल्या सांबारात मात्र कांदा असतो आणि मसाला डोशाच्या भाजीतही. इडली, साधा डोसा आणि खोबऱ्याची चटणी घ्यावी, सांबार विचारून घ्यावं.

सिडको_नितीन

सांबाराचं माझ्या लक्षात नव्हतं आलं, मावशी. तुमच्या यादीचा माझ्या आत्यालाही उपयोग होईल.

त्र्यंबकरोड

त्र्यंबकेश्वरच्या दिवसाचं वेगळं लिहितो. नाशिकपासून अंतर साधारण ३० किलोमीटर, पण त्या दिवशीचं जेवण अंतरावर नाही, दर्शनाच्या रांगेवर अवलंबून असतं. सोमवार टाळता आला तर टाळा. रांग किती चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून मुलींना आणि आजी-आजोबांना निघण्यापूर्वी पोटभर खायला घाला. पोहे, उपमा, इडली असं काही. मिसळ त्या दिवशी नकोच. तिखट खाऊन रांगेत तास-तासभर उभं राहणं सासऱ्यांना जड जाईल.

दुपारी परत येताना लक्षात ठेवा, अनेक खानावळी तीनच्या सुमारास वाढणं आवरतात. दीडपर्यंत दर्शन झालं नाही तर नाशिकला पोचून जेवू असं म्हणू नका. त्र्यंबकमध्येच साधं जेवण घ्या किंवा अंजनेरीच्या बाजूला रस्त्यावर थांबा. त्या भागात कुठे नागलीची भाकरी दिसली तर जरूर घ्या. नागली म्हणजे नाचणी. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा हा सगळा नागलीचा मुलूख. रंगाने काळपट असते म्हणून मुली नाक मुरडतील, पण गूळ-तुपाबरोबर एक घास भरवून बघा.

शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत. रस्ते खणलेले असतात, वळवलेले असतात. येण्या-जाण्यात जास्तीचा वेळ धरून निघा.

मेनरोडवाला

त्र्यंबकरोड यांच्याशी पूर्ण सहमत. मिसळ पंचवटीच्या दिवशी सकाळी, त्र्यंबकच्या दिवशी नाही.

हिशेबनीस

बिलाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मागे शहरातल्या एका हॉटेलात, नाव घेत नाही, आमच्या बिलात न विचारता सेवा शुल्क लावलं होतं. "सगळेच घेतात" असं उत्तर मिळालं. तसं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे की सेवा शुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, ते ग्राहकाच्या मर्जीवर असतं. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हे म्हणणं उचलून धरलं. शांतपणे काढायला सांगा. नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आमचं बिल ही दोन वाक्यं बोलल्यावर बदलून मिळालं.

जीएसटी वेगळा. साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के असतो, एसी असो की नसो. मात्र कंपोझिशन योजनेतलं, म्हणजे छोट्या व्यवसायांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतलं, छोटं हॉटेल ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेऊच शकत नाही, तो मालकाने स्वतःच्या विक्रीतून भरायचा असतो. अशा ठिकाणी कंपोझिशनची पाटी लावणं बंधनकारक आहे. पाटी आहे आणि बिलात जीएसटीही आहे असं दिसलं तर विचारा.

बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असायला हवा, १ जानेवारी २०२२ पासून तो नियम आहे. सहा माणसं, त्यात वयस्कर आणि लहान, म्हणून हे बघून घ्यावं असं मला वाटतं.

आणि थाळी. अमर्याद थाळी दोघांत वाटून खाऊ देत नाहीत. पाच वर्षांच्या मुलीची वेगळी थाळी लावणार का, हे बसण्याआधी विचारा. तुम्हाला राइस प्लेटच परवडेल. दोन भाज्या, वरण, भात, पोळ्या, लोणचं, पापड, आणि अन्नही वाया जात नाही.

गंगापूररोड_नाशिक

कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मेस कोणी सुचवल्या नाहीत. विद्यार्थ्यांसाठी महिन्याच्या कुपनावर चालतात, पण पाहुण्यांनाही पैसे घेऊन जेवायला वाढतात. घरगुती चव, कमी तेल. सासऱ्यांच्या पथ्याचं काही असेल तर विचार करा. रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद असतात.

ठाणेकर_मृ

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी. आत्तापर्यंत असं ठरवलंय. पहिल्या दिवशी सकाळी बारदान फाट्याला मिसळ, सासूबाईंसाठी निघण्यापूर्वीच इडली. मग पंचवटीत परत, देवळं, आणि दुपारी एकच्या सुमारास दिंडोरी रोडच्या बाजूला भाकरी-पिठलं. संध्याकाळी रिक्षाने मेन रोड. दुसऱ्या दिवशी पोहे खाऊन त्र्यंबक.

मावशी, "वाटण न घालता काय आहे" हे वाक्य सासूबाईंनी स्वतः लिहून घेतलं. घरी न्यायला काय घेऊ तेही कोणी सांगा.

मेनरोडवाला

कोंडाजीचा चिवडा आणि बुधा हलवाईची जिलेबी. जिलेबी नाशिक सोडायच्या दिवशी घ्या आणि त्याच दिवशी संपवा. चिवडा टिकतो, पण पाकिटावर घटक वाचा, सासूबाईंना चालेल तोच घ्या.

आडगावकर

ताई, एक महत्त्वाचं राहून गेलं. "दिवाळीनंतर" म्हणजे नेमकं कधी? छोट्या हॉटेलांतली भाकरी करणारी बाई आणि वाढणारी मुलं दिवाळीला गावी जातात आणि भाऊबीज झाली तरी लगेच परतत नाहीत. त्या आठवड्यात शटर उघडं दिसलं तरी आत फक्त वडापाव आणि चहा असतो. भाकरीसाठी येणार असाल तर तुळशीच्या लग्नाच्या सुमारास या. तारीख इथे टाका, मी पेठ रोडला जाऊन कोण चालू आहे ते आदल्या दिवशी बघून कळवतो.